मेथिलीन ब्लू आता पुरे: विद्यापीठांच्या संशोधन व मान्यता समित्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या संशोधन व मान्यता समित्यांचे (आरआरसी) सन्माननीय सदस्य आणि रसायनशास्त्राचे पीएच.डी. मार्गदर्शक

विषय: सच्छिद्र कार्बनवरील पीएच.डी. प्रस्तावांना मान्यता देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुढच्या बैठकीत सच्छिद्र कार्बनवरचा एखादा तरी प्रस्ताव येईलच. त्याचे शीर्षक बहुधा ठरलेले असते: अमुक फळाच्या सालीपासून, टरफलापासून किंवा बियांपासून ॲक्टिव्हेटेड कार्बन (असंख्य बारीक छिद्रे असलेला, सक्रिय केलेला कोळसा) तयार करणे आणि त्याने पाण्यातील मेथिलीन ब्लू हा निळा रंग काढणे. विद्यार्थी साल वाळवणार, मफल फर्नेसमध्ये तिचा कोळसा करणार, पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा झिंक क्लोराइड घालून तो पुन्हा तापवणार, शंभर मिलिलिटर रंगाच्या पाण्यात चिमूटभर पूड टाकून शेकरवर ठेवणार, कलरिमीटरवर रीडिंग घेणार, कार्बनवर किती रंग बसतो हे दाखवणारे लँगम्यूर आणि फ्रॉइंडलिश यांचे आलेख काढणार. रंग जवळजवळ सगळा निघाला, असा निष्कर्ष येणार. तो येणारच, कारण मेथिलीन ब्लू जवळपास कुठल्याही बऱ्या कार्बनवर बसतो.

माझी विनंती अशी की हा प्रस्ताव आहे तसा मंजूर करू नका, आणि सरसकट फेटाळूही नका. त्या विद्यार्थ्याला पाच-सहा प्रश्न विचारा आणि त्यांची उत्तरे सिनॉप्सिसमध्येच (संशोधनाच्या आराखड्यातच) लिहून घ्या. ते प्रश्न कोणते आणि का, हे सांगण्यासाठी हे पत्र.

मी उद्योगात काम करणारी रसायनतज्ज्ञ आहे. कापड प्रक्रियेच्या आणि औषधनिर्मितीच्या सांडपाण्यावरच्या कार्बनच्या टाक्या चालवणे, त्यासाठी कार्बन निवडून विकत घेणे आणि संपलेला कार्बन बाहेर काढून त्याची रीतसर विल्हेवाट लावणे हे माझे रोजचे काम. संशोधन करणारी मुलेमुली सांडपाण्याचे नमुने मागायला येतात तेव्हा त्यांच्याशी बोलणे होते. त्यांची मेहनत खरी असते. म्हणूनच ती कुठे खर्ची पडते आहे हे पाहून जीव तुटतो.

कारण हा पदार्थच असा आहे की त्यावर आयुष्य घालवावे. चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग असतो, आणि तो जवळजवळ सगळा डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांच्या भिंतींवर असतो. २ नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रे सूक्ष्म, २ ते ५० नॅनोमीटरची मध्यम आणि त्याहून मोठी ती स्थूल, अशी आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची वर्गवारी आहे. १७८५ मध्ये लोविट्झ यांनी कोळशाने द्रावणाचा रंग जातो हे पाहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओस्ट्रेयको यांनी वाफेने आणि क्षारांनी कोळसा सक्रिय करण्याची पेटंटे घेतली. पहिल्या महायुद्धात हाच कार्बन विषारी वायूंपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत गेला. आज सोन्याच्या खाणींत सायनाइडच्या द्रावणातून सोने पकडायला नारळाच्या करवंटीचा कार्बन वापरतात, कारण तो कडक असतो आणि ढवळताना झिजून सोन्यासकट वाहून जात नाही. यातल्या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आधी गरज पाहिली आणि मग त्या गरजेला बसेल असे छिद्र घडवले. आपल्याकडच्या प्रस्तावांत मला हाच क्रम उलटा झालेला दिसतो.

इचलकरंजीचे उदाहरण घेऊ. तिथल्या कापड प्रक्रियेचे सांडपाणी आणि पंचगंगेचे प्रदूषण हा विषय आपणा सर्वांना माहीत आहे, आणि कितीतरी प्रस्तावांच्या प्रस्तावनेत त्याचा उल्लेखही असतो. पण तिथे रंगते ते मुख्यतः सुती कापड, आणि सुती कापडाला लावतात ते धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रिॲक्टिव्ह रंग. रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ हा त्यातला सर्वत्र चालणारा काळा. त्याचे रेणुवस्तुमान ९९२ च्या आसपास, आणि त्यावर सल्फोनेट व सल्फेट गटांचे चार ऋणभार. मेथिलीन ब्लूचा रंगीत आयन २८४ चा, चपटा, लहान आणि धनभारित. म्हणजे प्रयोगशाळेतला रेणू आणि नदीकडे जाणारा रेणू आकाराने वेगळे आणि भाराने नेमके उलटे. ज्या कार्बनच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी गट भरपूर आहेत तो मेथिलीन ब्लूला ओढून घेतो आणि रिॲक्टिव्ह रंगाला दूर लोटतो. सूक्ष्म छिद्रांत मेथिलीन ब्लू सहज शिरतो. त्यांतल्या बहुतेकांत रिॲक्टिव्ह रंग शिरतच नाही, अरुंद बोळात बैलगाडी शिरत नाही तसा. त्याला मध्यम छिद्रे लागतात. मग १५०० चौरस मीटरचा आकडा कितीही उठून दिसला तरी त्यातला बराचसा भाग त्या रंगाच्या कामाचा नसतो.

बरे, कुणी रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ घेतला तरी बाटलीतली पूड पाण्यात विरघळवून भागत नाही. डायबाथमध्ये (रंगाच्या द्रावणात) सोडा ॲश असते, सामू ११ च्या आसपास असतो, आणि जो रंग धाग्याला धरत नाही त्याची पाण्याशी अभिक्रिया होऊन जाते. सांडपाण्यात येतो तो हा हायड्रोलाइज झालेला रंग. त्यावरचे सल्फेट गट गळालेले असतात आणि ऋणभार कमी झालेला असतो. त्याच्यासोबत प्रतिलिटर दहापंधरा ग्रॅमपासून कितीतरी अधिक मीठ किंवा सोडियम सल्फेट असते. मीठ दर वेळी नडते असे नाही. भारांमधले प्रतिकर्षण झाकले गेल्याने ते काही वेळा अधिशोषण (पृष्ठभागावर रेणू बसणे) वाढवतेही. शिवाय खळीचा स्टार्च, पीव्हीए, साबण आणि ओले करणारी द्रव्ये असतात, आणि ती सगळी त्याच छिद्रांवर हक्क सांगतात. प्रयोगशाळेत प्रतिग्रॅम ३०० मिलिग्रॅम रंग धरणारा कार्बन या पाण्यात किती धरेल, हे आधीच्या आकड्यावरून सांगता येत नाही. ते त्या पाण्यातच मोजावे लागते.

म्हणून पहिला प्रश्न: हे पाणी कुठले? सीईटीपीच्या (अनेक कारखान्यांच्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) इनलेटचे, एखाद्या प्रोसेस हाऊसच्या समीकरण टाकीचे (जिथे सगळे सांडपाणी एकत्र मिसळते), की ऊर्ध्वपातित पाण्यात घातलेला एकच रंग? शेवटचे उत्तर आले तर ती फक्त पहिल्या प्रकरणाची सामग्री आहे. मेथिलीन ब्लू माप म्हणून उत्तम आहे. कार्बन विकणारे आणि घेणारे आयोडीन नंबरच्या (कार्बन किती आयोडीन धरतो याच्या मापाच्या) जोडीने मेथिलीन ब्लू नंबर गेली अनेक दशके वापरतात, आणि दोन कार्बनांची तुलना करायला तो उपयोगी पडतो. मापाला समस्या समजणे तेवढे थांबवू या.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या पाण्यासाठी साध्या कार्बनचा प्रस्ताव आला तर तिथेही थबका. साधा कार्बन फ्लोराइड फारसे धरत नाही. ते धरतात हाडांचा कोळसा किंवा ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना. नायट्रेट आणि विरघळलेले मीठ यांचेही तेच. प्रत्येक पाण्यावर कार्बन हा उपाय नाही, आणि हे विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी शिकायला हवे.

आता आलेखांकडे येते. गतिकीच्या, म्हणजे रंग किती वेगाने बसतो याच्या, प्रकरणात काळ भागिले अधिशोषित मात्रा विरुद्ध काळ असा आलेख असतो, सरळ रेषा येते, आर-वर्ग (मोजण्या रेषेशी किती जुळतात याचे माप) ०.९९९ येतो, आणि खाली लिहिलेले असते की हे स्यूडो-सेकंड-ऑर्डर या वेगाच्या समीकरणात बसते, म्हणजे रासायनिक अधिशोषण (रासायनिक बंधाने बसणे) आहे. हा निष्कर्ष त्या आलेखातून निघत नाही. समतोल आल्यावर मात्रा बदलत नाही, मग आलेखाच्या दोन्ही अक्षांवर उरतो तो काळच. काळाविरुद्ध काळ काढला तर रेषा सरळच येणार. बहुतेक मोजण्या समतोलाच्या जवळच्या असल्या की कोणतीही यंत्रणा या परीक्षेत उत्तीर्ण होते. खरे समजून घ्यायचे असेल तर सुरुवातीच्या मिनिटांतल्या मोजण्या हव्यात, समीकरण सरळ न करता मूळ रूपात बसवायला हवे, आणि कण बारीक केल्यावर वेग वाढतो का ते पाहायला हवे. वाढत असेल तर वेग ठरवणारी गोष्ट बंध नव्हे, छिद्रांतले विसरण (रेणूंचे हळूहळू आत पसरणे) आहे. हा प्रयोग करायला खलबत्ता आणि चाळण्यांचा संच पुरतो.

बीईटी पृष्ठफळाबद्दल, म्हणजे वायू बसवून मोजलेल्या पृष्ठभागाबद्दल, थोडक्यात. ब्रुनॉर, एमेट आणि टेलर यांची १९३८ ची पद्धत सपाट पृष्ठभागावर थरावर थर बसतात असे धरते. सूक्ष्म छिद्रांत थर बसत नाहीत, छिद्र एकदम भरते. म्हणून अशा पदार्थांसाठी नेहमीची ०.०५ ते ०.३० ही सापेक्ष दाबाची कक्षा चालत नाही. आययूपॅकच्या २०१५ च्या अहवालात हे स्पष्ट आहे, आणि सूक्ष्म छिद्रांसाठी ७७ केल्व्हिनवरच्या नायट्रोजनऐवजी ८७ केल्व्हिनवरचा आर्गॉन घ्या असेही त्यात सुचवले आहे. ग्राफीनच्या एकाच थराच्या दोन्ही बाजू मोजल्या तरी पृष्ठफळ २६३० चौरस मीटर प्रतिग्रॅम भरते. कार्बनचे त्याहून जास्त आले असेल तर विद्यार्थ्याने त्या आकड्याचा अर्थ सांगावा.

कच्च्या मालाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण ‘टाकाऊ पदार्थापासून’ हे दोन शब्द आपण फार सहज मान्य करतो. उसाचे बगॅस टाकाऊ नाही. साखर कारखान्याच्या बॉयलरचे ते इंधन आहे, आणि सहवीजनिर्मितीमुळे त्याला चांगला भाव आहे. विदर्भातली पऱ्हाटी आणि तुराट्या कितीतरी घरांत चुलीत जातात. कोकणातली करवंटी तर आधीपासूनच कार्बनच्या धंद्याचा कच्चा माल आहे. खरोखर साचून राहते असे काय आहे? रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंबा कॅनिंगच्या हंगामात कोयींचे ढीग लागतात, पण दोनच महिने, आणि ओल्या. वाळवण्याला जागा कुठे, पावसाच्या आत ते होईल का, कोयीच्या कवचाचा आणि आतल्या गराचा कोळसा वेगळा येतो का? काजूच्या टरफलात फिनॉली तेल असते. ते काढल्याशिवाय टरफल भट्टीत घातले तर त्या धुराचे काय करायचे? यातल्या प्रत्येक प्रश्नावर चांगला प्रबंध होऊ शकतो. असा प्रबंध मी अजून वाचलेला नाही, आणि वाचायला फार आवडेल.

याला लागूनच उताऱ्याचा प्रश्न येतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने ७०० ते ९०० अंशांवर सक्रिय केलेला कार्बन सुंदर येतो, यात शंका नाही. पण कोळशाच्या चौपट अल्कली घातली आणि निम्मा कोळसा जळून गेला, तर एक किलो कार्बनमागे आठ किलो अल्कली लागली. ती आम्लाने उदासीन करायची, क्षार जाईपर्यंत धुवायचे, आणि ते धुणावळीचे पाणी खारट सांडपाणी म्हणून बाहेर पडते. एका सांडपाण्यावरच्या इलाजासाठी आपण दुसरे तयार करतो. प्रस्तावात शंभर ग्रॅम वाळक्या मालापासून किती ग्रॅम कार्बन, किती रसायन, किती लिटर पाणी, हा ताळेबंद नसेल तर तो मागून घ्या. उद्योगात वाफेने सक्रिय करण्याची पद्धत टिकून आहे, त्यामागे हेच व्यवहार आहेत.

संपलेल्या कार्बनचे काय? या प्रश्नावर मला सर्वांत कमी उत्तरे मिळतात. प्रबंधांत ‘पाच चक्रांपर्यंत पुनर्वापर शक्य’ असे एक वाक्य असते. कार्बन मिथेनॉलने धुतलेला असतो, आणि रंगीत मिथेनॉल कुठे गेले ते लिहिलेले नसते. कारखान्यात दाणेदार कार्बन ८०० ते ९०० अंशांच्या भट्टीतून पुन्हा काढतात आणि दर फेरीला साधारण दहावा हिस्सा गमावतात. पूड तर बहुधा एकदाच वापरली जाते, मग तिचा गाळ होतो. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत कित्येक प्रक्रियांमधला वापरलेला कार्बन आहे. तो तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा केंद्रांकडे पाठवावा लागतो, वजनावर पैसे मोजून. म्हणजे पाण्यातला रंग नाहीसा झाला नाही, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेला. लहान रंगकाम करणाऱ्याला हाच खर्च परवडत नाही, आणि नेमका तिथेच नव्या संशोधनाला वाव आहे: कमी तापमानावर पुनर्सक्रियण, छिद्रांतल्या रंगाचे तिथेच ऑक्सिडीकरण, जीवाणू वाढवलेला कार्बन.

आता कार्बन उत्प्रेरक म्हणून वापरतात त्या कामाकडे. इथे विषय अधिक नाजूक आहे, कारण चूक झाली तर ती सहज दिसत नाही. सध्या वनस्पतींपासून केलेल्या नायट्रोजनयुक्त कार्बनला ‘मेटल-फ्री’ उत्प्रेरक म्हणण्याची लाट आहे. वनस्पतीच्या राखेत पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम असतात, लोह आणि मँगनीजही असतात. धातू नाही असे म्हणायचे तर तो मोजून दाखवावा लागतो. सुझुकी अभिक्रियेचा (पॅलेडियमच्या मदतीने दोन कार्बन अणू जोडण्याच्या पद्धतीचा) धडा सगळ्यांनी शिकवावा असा आहे. २००३ मध्ये पॅलेडियमशिवाय ही अभिक्रिया झाल्याचा दावा प्रसिद्ध झाला. २००५ मध्ये त्याच गटाने शोधून सांगितले की बाजारच्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात साधारण ५० भाग इतके अत्यल्प पॅलेडियम होते आणि काम त्याचे होते. स्वतःच्या दाव्याचा असा छडा लावणे हे मोठे विज्ञान आहे. तरी २०२१ मध्ये तसाच दावा पुन्हा नामांकित नियतकालिकात आला आणि अखेर मागे घ्यावा लागला. २०२० मध्ये प्रागमधील मार्टिन पुमेरा यांच्या गटाने ग्राफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा मिसळून दाखवले की त्यानेही विद्युत-उत्प्रेरक गुण सुधारतो. एक मूलद्रव्य घाला, आलेख थोडा सरकवा आणि निबंध लिहा, या रीतीवर त्यांनी बोट ठेवले. तेव्हा कार्बन-उत्प्रेरकाच्या प्रत्येक प्रस्तावात तीन गोष्टी हव्यात: आयसीपीने (धातूंचे अत्यल्प प्रमाण मोजणाऱ्या उपकरणाने) मोजलेले धातू, आम्लाने धुतलेल्या नमुन्याची तुलना, आणि विद्युत-रसायनाचे काम असेल तर काउंटर इलेक्ट्रोड म्हणून प्लॅटिनमऐवजी ग्रॅफाइट. प्लॅटिनम विरघळून समोरच्या कार्बनवर जाऊन बसते, आणि श्रेय सालीला मिळते.

राख ही अडचणच आहे असेही नाही. २०१३ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने वाळून पडलेल्या पानांचा फक्त उष्णतेने, बाहेरून काहीही न घालता, १२३० चौरस मीटर प्रतिग्रॅमच्या आसपासचा सच्छिद्र कार्बन केला आणि तो सुपरकपॅसिटरसाठी (वीज साठवून झटपट देणाऱ्या साधनासाठी) वापरून पाहिला. छिद्रे आली ती पानातल्याच मऊ सेंद्रिय घटकांमुळे आणि धातूंमुळे, असे त्यांनी मांडले. पान का निवडले आणि पानाने काय केले याचे उत्तर त्या कामात आहे. माझी अपेक्षा एवढीच आहे.

आणि एक प्रश्न धरून ठेवला तर काय होते, त्याचे उदाहरण पीव्हीसीच्या उद्योगात आहे. ॲसिटिलिनपासून व्हिनिल क्लोराइड करण्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बनवर मर्क्युरिक क्लोराइड वापरत, आणि पारा हळूहळू उडून जाई. १९८५ मध्ये ग्रॅहॅम हचिंग्ज यांनी धातूंच्या विद्युत-विभवांवरून अंदाज मांडला की इथे सोने सर्वांत चांगले चालेल. त्यानंतर कार्बनवरचे सोने कोणत्या रूपात काम करते, का मंदावते, कार्बनच्या पृष्ठभागाचा त्यात वाटा किती, यावर तीन दशके काम झाले. २०१७ मध्ये सुटे, एकेकटे सोन्याचे आयन हेच क्रियाशील केंद्र असल्याचे दाखवले गेले. दरम्यान पाऱ्याविरुद्धचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, आणि कार्बनवरचा सोन्याचा उत्प्रेरक चीनमधल्या कारखान्यांत पोहोचला.

मला माहीत आहे की आपल्याकडच्या तालुक्याच्या महाविद्यालयात मफल फर्नेस, शेकर आणि कलरिमीटर एवढेच असते, आणि मेथिलीन ब्लूचा विषय तेवढ्यात बसतो म्हणूनच तो निवडला जातो. त्यात विद्यार्थ्याचा दोष नाही, मार्गदर्शकाचाही नाही. पण याच साधनांत चांगले कामही बसते. दोन सेंटिमीटर व्यासाची काचेची नळी, दाणेदार कार्बन, ठरावीक वेगाने सोडलेले खरे सांडपाणी, आणि दर तासाला सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप). सीओडीला डायक्रोमेट आणि ब्युरेट पुरते. त्यातून मिळणारी ब्रेकथ्रूची वक्ररेषा कारखानदाराला लगेच समजते: किती पाण्यानंतर कार्बन बदलायचा. आयसीपीसाठी आयआयटी मुंबईतल्या सैफ या सामाईक उपकरण केंद्रासारखी सुविधा शुल्क भरून वापरता येते. मोजके नमुने नीट निवडले तर तो खर्च पेलवतो. रिॲक्टिव्ह रंग सोडा ॲशमध्ये उकळून हायड्रोलाइज करायला तर गरम शेगडीच लागते.

आणखी एक जमेची बाजू आपल्या हातात आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती काढली. छापून येण्याच्या घाईपायी सोपा रंग घेण्याचे कारण आता उरलेले नाही. विद्यापीठाने स्थानिक अटींनी ती घाई परत आणू नये.

तेव्हा मंजुरीच्या नमुन्यात एवढे जोडा: पाणी कुठले, कच्चा माल सध्या कुठे जातो, शंभर ग्रॅममागे उतारा आणि रसायन किती, कॉलमची (कार्बन भरलेल्या नळीची) चाचणी होणार का, वापरलेल्या कार्बनचे काय करणार, आणि उत्प्रेरक असेल तर धातू कसे मोजणार. वायवाच्या वेळी हीच उत्तरे समोर ठेवून बाह्य परीक्षकाला विचारू द्या. एक पान पुरेल.

उद्योगाकडून काय हवे, तेही लिहिते. नमुने मागणाऱ्या विद्यार्थ्याला गेटवरून परत पाठवले जाते, हे मी पाहिले आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून नोटीस येईल या भीतीने कुणी सांडपाणी बाहेर देत नाही. विद्यापीठाने नमुना कुठून आला याची गोपनीयता लेखी हमी म्हणून दिली तर ही भीती बरीच कमी होईल. अशा हमीपत्राचा मसुदा आपण तयार केलात, तर माझ्या ओळखीच्या कापड आणि औषध उद्योगांतल्या ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प) प्रमुखांकडे तो घेऊन जाण्याचे, आणि पाणी व वापरलेला कार्बन दोन्ही विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम मी घेते.

आपली नम्र,
कार्बनच्या टाक्यांवर काम करणारी एक रसायनतज्ज्ञ